दोन हात रुंदीची जागा

हिवरमाळात जळबाची ओळख एकाच वाक्यात करून देत. हा माणूस उलटा चालून पोट भरतो. आणि ते अगदी खरं होतं. दोर वळणाऱ्याला पुढे चालून भागत नाही. एका टोकाला चाक रोवलेलं असतं, चाकाच्या आकड्याला अंबाडीचा पहिला पीळ अडकवायचा, चाक फिरवायला घरातलं कोणीतरी बसायचं आणि आपण कमरेला अंबाडीचा झुपका बांधून, बोटांनी धागा सोडत सोडत मागे सरकत जायचं. कासरा हवा असेल तर थोडं कमी, मोटेचा नाडा हवा असेल तर पार टोकापर्यंत. हॉटेलात बसलेली रिकामटेकडी मंडळी त्याला चिडवत, "जळबा, बघ बरं, एक दिवस मागं चालता चालता सेनगावात निघशील." जळबा हातातला धागा न सोडता म्हणे, "तुमचा बैल पुढं जावा म्हनून कुनीतरी मागं चालाय पायजे का न्हाई?"

उत्तर देण्यात तो कोणाला हार जात नसे. अंगापिंडानं किडमिडा, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. साऱ्या मातंगवाड्यात त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो फार बोलत नसे आणि बोलला की फिरत नसे.

हे हिवरमाळ सेनगावहून गोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तेव्हा हिंगोली म्हणजे परभणी जिल्ह्यातला एक तालुका, आणि हिवरमाळ म्हणजे त्या तालुक्यातलं, जीप थांबली तर थांबली असं ठिकाण. गावात शिरण्याआधी रस्त्याच्या कडेला कडुनिंबांची एक रांग होती. जळबाच्या आज्यानं ती झाडं लावलेली. त्या रांगेच्या सावलीत जमिनीचा एक लांबच लांब पट्टा पावलांनी तुडवून तुडवून गुळगुळीत झाला होता. तोच दोरवाल्यांचा पट्टा. दोर वळायला सावली लागते, उन्हात अंबाडी कडक होते आणि पीळ घेताना तुटते. चार घरं त्या एकाच पट्ट्यावर पाळीनं दोर वळत: एक जळबाचं, एक त्याच्या वारलेल्या भावाच्या बायकोचं, लक्ष्मीबाईचं, आणि दोन चुलतभावांची. पट्टा कोणाच्या नावावर नव्हता आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. ना पेरायच्या कामाची, ना घर बांधायच्या कामाची अशी ती जागा. शेपटासारखी लांब आणि शेपटाएवढीच रुंद.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी बातमी आली की हिवरमाळच्या फाट्यावर सरकारी कापूस खरेदी केंद्र होणार आणि त्याच्या शेजारी एसटीचा थांबा. झालं. ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं तिच्यावर माणसं पायांनी मापं टाकू लागली. हिंगोलीचे व्यापारी जीपमधून उतरत, दोन्ही हात कमरेवर ठेवून रस्त्याच्या कडेकडे बघत, चहा पीत आणि निघून जात. ते गेले की भाव आणखी चढायचा. गावातले भाऊ भाऊ, जे वर्षानुवर्षं एका ताटात जेवले, ते रस्त्याकडची बाजू कोणाची यावरून बोलेनासे झाले.

गावचे पाटील पुंजाजी. त्यांचा मेहुणा मुंबईला कुठल्याशा कंपनीत कारकून होता. तो सुट्टीला आला तेव्हा चावडीसमोर बसून त्यानं मुंबईच्या गोष्टी सांगितल्या. तिथं म्हणे जागा संपली म्हणून समुद्रात माती ओततात आणि समुद्राच्या उरावर वीस वीस मजली इमारती चढवतात. जुन्या चाळी पाडतात, माणसं मागे सारतात आणि पुढच्या बाजूला दुकानं काढतात. लोक आ वासून ऐकत होते. पुंजाजींनी सुपारी कातरता कातरता रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऐका. मुंबईवाले समुद्र बुजवून दुकानं काढून राहिले, अन् आमची रस्त्यालगतची जागा दोर वळायला पडलेली." सगळे हसले. जळबा चावडीच्या पायरीशी बसला होता, तोही सवयीनं हसला. मग घरी येईपर्यंत त्याचं हसू उतरलं.

रात्रीच्या भाकरीला त्यानं ते बायकोला सांगितलं. चतुराबाई नावासारखीच होती. ती म्हणाली, "म्हंजे आता आपला नंबर."

"काहून? आपन कुनाचं काय घेतलंय? आंधळ्याच्या गायी देव राखतो."

"राखतो, पन निवडनूक आली. देवाचं नाव मतदार यादीत हाय का?"

निवडणूक खरंच आली होती. गाव दोन पॅनलांत उभं चिरलं गेलं. एकीकडे पुंजाजी पाटील, दुसरीकडे भिवाजी, ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीचे धनी. आजवर सरपंच कोण यानं गावाला फरक पडत नसे. झेंड्याला सलामी कोण देणार एवढाच काय तो प्रश्न. पण आता रस्त्याकडेची गावठाणाची जागा कोणाला द्यायची हे ग्रामपंचायत ठरवणार होती, म्हणून जे घराबाहेर पडत नव्हते तेही हात जोडत फिरू लागले. हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला. गावातली मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. पारडं झुकवणार मातंगवाडा. आणि मातंगवाडा म्हणजे जळबा.

पुंजाजी पाटील जन्मात पहिल्यांदा जळबाच्या अंगणात येऊन बाजेवर बसले. चतुराबाईनं दिलेलं पाणी प्यायले. वाडा दारादारातून बघत होता. पाटील म्हणाले, "जळबा, तुझं काय अडलंय ते मोकळेपनानं सांग."

जळबा म्हणाला, "सांगतो मालक. पन आज न्हाई. पोळ्याला मागतो."

पाटलांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. मग ते हसले आणि म्हणाले, "पोळ्याला माग. हक्कच हाय तुझा."

हे समजून घ्यायला हिवरमाळचा पोळा माहीत पाहिजे. पोळ्याच्या दिवशी वेशीत जे तोरण बांधतात, त्याचा दोर वळायचा मान जळबाच्या घराचा. आंब्याची पानं गुंफलेल्या त्या दोराखालून गावचे बैल जातात आणि सगळ्यांत पुढे पाटलांची मानाची जोडी. जोडी तोरणाखाली उभी राहिली की पाटलांनी दोरवाल्याला म्हणायचं, "माग." आणि दोरवाला जे मागेल ते साऱ्या गावादेखत द्यायचं. याला पोळ्याचं मागणं म्हणत. कोणी लुगडं मागे, कोणी पायली-दोन पायली ज्वारी, कोणी शेळीचं पिल्लू. बहात्तरच्या दुष्काळात पाटलांच्या घरीच दाणा नव्हता, तरी जळबानं मागितलेली ज्वारी त्यांनी सेनगावहून आणून दिली होती. पोळ्याचं मागणं दिलं आणि फिरवलं असं गावात कधी घडलं नव्हतं. बैलांसमोर दिलेला शब्द खोटा पडला तर गोठा बसतो, जनावर टिकत नाही, असं म्हातारे सांगत.

जळबानं नेमकं हेच हेरलं होतं. निवडणुकीतला शब्द म्हणजे वारा, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं पाटलांना अंगणातून तसंच उठवलं आणि पोळ्याला बांधायचं ठरवलं. भिवाजीही येऊन गेले होते. ते सरळ म्हणाले, "निवडून आलो तर बघू. आत्ता काय सांगू?" जळबाला ते फार कोरडं वाटलं. दोराच्या माणसाला बांधून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चतुराबाई चाक फिरवायला बसली आणि जळबानं तोरणाचा दोर वळला. मागे जाता जाता तो कडुनिंबाच्या शेवटच्या झाडाला पाठ टेकेपर्यंत गेला. काम संपल्यावर ती म्हणाली, "मागनं ठरलं का तुमचं?"

"ठरलं."

"जास्त मागू नका. जास्त मागितलं का मानूस नाट लावतो."

"मला जास्त लागतंय कुठं?" जळबा म्हणाला, आणि त्याला स्वतःच्याच शहाणपणाचं फार समाधान वाटलं.

पोळ्याला वेशीत ही गर्दी. शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. निवडणुकीचं वर्ष म्हणून दोन्ही बाजूंचे लोक झाडून हजर. भिवाजीही आपली जोडी घेऊन मागे उभे. पाटलांची जोडी तोरणाखाली आली, पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून झाल्या, ढोल थांबला. पुंजाजी मोठ्यानं म्हणाले, "माग, जळबा."

जळबानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "मालक, आमाला लुगडं नको का ज्वारी नको. आमची दोर वळायची जागा आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

गर्दीतून हूं आलं. मागणं मोठं होतं. पाटलांनी क्षणभर बैलाच्या पाठीवर हात फिरवला.

"किती जागा लागते तुमाला?"

"वीस वाव, मालक."

"वाव म्हंजे?" निवडणुकीसाठी आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं. जळबानं दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव.

"अन् रुंदी?" पाटलांनी विचारलं.

जळबा हसला. त्याला वाटलं, इथंच आपण जिंकलो. "रुंदी कशाला लागते, मालक? दोर वळनारा मानूस मावला का झालं. दोन हात."

"दोनच हात?"

"दोनच. चार घरं मिळून दोन हात रुंद जागा मागतो. एवढ्यात तर बैलसुद्धा आडवा बसत न्हाई."

सारी वेस हसली. पाटीलही हसले, त्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेली. त्यांनी बैलाच्या शिंगाला हात लावला आणि म्हणाले, "दिली. दुकानं होवोत, थांबा होवो, तुमची जेवढी जागा हाय तेवढी तुमाला बराबर मोजून मिळंल. एक बोट कमी भरली तर या जोडीची आन."

ढोल वाजला. बैल तोरणाखालून निघाले. घरी आल्यावर जळबानं पुरणाची पोळी खाल्ली आणि म्हणाला की गेल्या दहा वर्षांत अशी पोळी झाली नव्हती. चतुराबाई म्हणाली, दरवर्षी अशीच असते, तुमीच आज चवीनं खाल्ली.

मतदानाला सगळा वाडा एका रांगेत गेला. म्हाताऱ्या कोताऱ्यांना पाठीवर घेऊन गेला. पाटलांची निशाणी छत्री, तिच्यावर शिक्का मारायचा, एवढंच जळबानं सांगितलं होतं आणि कोणी का म्हणून विचारलं नाही. छत्री आली. वाड्याची मतं नसती तर भिवाजींचा कंदील आला असता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पुंजाजींच्या अंगावरचा गुलाल धुवून निघायच्या आत भिवाजी जळबाच्या घरासमोरून गेले. थांबले आणि म्हणाले, "बरं केलंस, जळबा. आता त्याच्याच सावलीत बस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जळबाला ते जास्त लागलं. पण शब्द मिळाला होता. बाकी कशाची फिकीर नव्हती.

दिवाळीनंतर मोजणीवाले साखळी घेऊन आले. आधी रस्ता मोजला, मग गावठाण, मग पट्टा. त्यांनी पट्ट्याची लांबी घेतली, रुंदी घेतली. जळबानं उत्साहानं साखळीचं टोक धरलं आणि रुंदीला चार बोटं जास्तच भरली म्हणून खूष झाला. दुसऱ्या आठवड्यात कडुनिंब पडले. पहिलं झाड पडलं तेव्हा लक्ष्मीबाई घरात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. जळबा पाटलांकडे गेला. पाटील म्हणाले, "पुढं दुकानांची ओळ येते. तुमचं मागं. मोजून दिलं म्हंजे दिलं, तू काहून घाबरतोस?"

मागे म्हणजे ओळीच्या मागे लांब पट्टा, असं जळबानं धरलं. सावली जाणार, पण मांडव घालता येईल. त्यानं घरी येऊन मांडवाला लाकडं कुठून आणायची याचा विचारसुद्धा सुरू केला. चाक उपटून घरात आणून ठेवलं. त्या हिवाळ्यात चारही घरांत दोर वळला गेला नाही. ओढ्यात भिजवून सोललेली अंबाडी छपरावर पडून पडून पिवळी झाली. चतुराबाई कापूस वेचायला जाऊ लागली. शेतकरी दावं, कासरा मागायला येत आणि जळबा त्यांना सांगे, "जरा थांबा. जागा येऊन राहिली."

जागा आली ती होळीच्या सुमारास. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर दुकानांची लांब ओळ उभी राहिली. हिंगोलीच्या व्यापाऱ्यांनी निम्मी घेतली, पाटलांच्या मेहुण्यानं मुंबईहून पैसे पाठवून कोपऱ्यावरचं मोठं दुकान घेतलं. ज्या जमिनीवर जळबाच्या तीन पिढ्या उलट्या चालल्या, तिचा भाव आता असा होता की गावातल्या कोणालाच ती परवडत नव्हती. लांब आणि चिंचोळी होती म्हणून तर तिचा भाव. रस्त्याला एवढं लांब तोंड दुसऱ्या कुठल्या जागेला नव्हतं.

उद्घाटनाला मांडव, लाऊडस्पीकर, परभणीहून आलेले पाहुणे. जळबाला आणि चुलतभावांना पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. भाषणं झाल्यावर ग्रामसेवकानं वाचून दाखवलं की दोरवाल्यांच्या पट्ट्याचं क्षेत्र मोजून, तितकंच क्षेत्र त्यांना मागच्या ओळीत चार गाळ्यांच्या रूपानं देण्यात येत आहे, प्रत्येक घराला एक, नऊ फूट बाय दहा फूट, पक्क्या भिंती, पत्र्याचं छप्पर. टाळ्या पडल्या. जळबाच्या गळ्यात हार आला आणि हातात किल्ली.

त्यानं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. अंबाडी ठेवायला खोली दिलेली दिसते, असं त्याला वाटलं. तो ग्रामसेवकाच्या कानाशी लागला, "साहेब, अन् पट्टा?"

"हाच की पट्टा. लांबी गुणिले रुंदी. उलट थोडी जास्तच भरली तुमची."

"पन लांब..."

"जागा तेवढीच आहे बाबा. लांब काय अन् चौकोनी काय."

जळबाला गुणाकार येत नव्हता, पण या क्षणी तो त्याला कळला. दोन हात रुंदी आपणच सांगितली. कोणी विचारण्याआधी फुशारकीनं सांगितली. पाच-सहा हात म्हटलं असतं तर निदान चार खोल्या मोठ्या तरी मिळाल्या असत्या. आणि मोठ्या मिळाल्या असत्या तरी काय केलं असतं? एवढ्यात पुंजाजींनी माईक हातात घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "जळबा, पोळ्याला सगळ्या गावासमोर मागितलंस. आता सगळ्या गावासमोर सांग. शब्द पाळला का न्हाई?"

माईक तोंडाशी आला. जळबा खोटं शोधू लागला. पाटील कुठं खोटं बोलले? एक बोट कमी दिली नव्हती. उलट जास्त दिली होती. बैलांची आण मोडली नव्हती. समोर चतुराबाई उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवलं नाही.

"पाळला," तो म्हणाला. लाऊडस्पीकरनं ते ओढ्यापलीकडे नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाळ्यात चाक रोवलं. करून बघायचं म्हणून. लक्ष्मीबाई चाकाशी बसली, जळबानं झुपका कमरेला बांधला, पीळ अडकवला आणि मागे सरकला. चार पावलांत पाठ भिंतीला लागली. त्यानं दार उघडून बाहेर जाऊन पाहिलं, तर समोर दोन हातांवर मुतारीची भिंत. लक्ष्मीबाईनं चाक थांबवलं आणि ती उठली. त्या खोलीत शेळीचं दावं झालं असतं, त्याहून लांब काही नाही.

तो पाटलांकडे गेला. पाटील रागावले नाहीत, त्यांनी चहा सांगितला. "तूच सांग, कमी दिली का?"

"न्हाई, मालक."

"मग? रस्त्याला लागून वीस वाव तुला ठेवायची म्हंजे सहा दुकानं गेली. गावाचं उत्पन्न गेलं. गाळ्यासाठी लोक माझ्या दारात रांग लावून ऱ्हायले अन् तुला फुकट मिळाला. भाड्यानं दे, बसून खा." ते मनापासून बोलत होते. आपण जळबाचं भलं केलं अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि सगळ्या गावाचीही. हेच जळबाला सोसेना. फसवलं म्हणून ओरडावं तर फसवणारा कोणी नव्हता.

जागा शोधत त्यानं पाय झिजवले. गायरान म्हणजे खडकाळ उतार, सावलीला झुडूप नाही. तिथं एक दिवस वळून पाहिलं तर अंबाडी उन्हानं काडीसारखी तुटू लागली. सकाळच्या पहिल्या उजेडात डांबरी रस्त्याच्याच कडेला चाक लावून पाहिलं, तर गोरेगावची जीप अर्ध्या वळलेल्या कासऱ्यावरून गेली आणि ड्रायव्हर वर शिव्या देऊन गेला. राहिला ओढ्याकाठ. तिथं झाडी होती, सपाट वाट होती, पण ती भिवाजींची. जळबा त्यांच्या बांधावर जाऊन उभा राहिला. भिवाजींनी त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला.

"छत्रीखाली जागा न्हाई का उरली?" ते शेवटी म्हणाले.

"चूक झाली, मालक."

"चूक न्हाई. तू तोलून मापून केलंस. एक गोष्ट सांगतो जळबा, मी आलो असतो तरी दुकानंच काढली असती. पन तुझ्या तोंडून 'पाळला' म्हनवून टाळ्या घेतल्या नसत्या." आणि ते आत गेले. जागा दिली नाही.

त्यानंतर वाड्याचं जे व्हायचं ते झालं. दोन्ही चुलतभावांनी आपले गाळे हिंगोलीच्या एका शिंप्याला दिले आणि ते मुलंबाळं घेऊन ऊसतोडीला गेले. जाताना त्यातला एकजण जळबाला म्हणाला, "दादा, तुमी सांगितलं म्हनून शिक्का मारला होता." एवढंच बोलला. लक्ष्मीबाई हट्ट्याला लेकीकडे गेली. जळबाचा मुलगा संतराम, लग्न झालेला गडी, पाटलांच्या मेहुण्याच्या दुकानात माल उतरवायला लागला. जळबाला ते आवडलं नाही, पण घरात चूल त्याच्यावर पेटत होती. जळबा रोज गाळा उघडायचा, चाकाशेजारी बसायचा आणि लोक टाकून गेलेल्या दाव्या-कासऱ्यांना गाठी मारून द्यायचा. चिडवणारी मंडळी आता त्याला चिडवत नव्हती. त्याला त्या चिडवण्याची आठवण यायची.

वैशाखात ग्यानबा आला. हा माळावरचा म्हातारा शेतकरी. गावात इंजिनं आली तरी त्याच्या विहिरीवर अजून मोट चालायची, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्या मोटेला जळबाच्या हातच्या नाड्याशिवाय दुसरा नाडा लागला नव्हता. ग्यानबाच्या खांद्यावर जाड दोराचं नवंकोरं वेटोळं होतं.

"जळबा, राग मानू नको. दोनदा येऊन गेलो, तू म्हनला जागा न्हाई. बैल उभे ऱ्हायले, मिरची वाळून राहिली. शेवटी हिंगोलीहून आनला. पन मला काय कळतंय त्यातलं? तू एकदा बघून दे. कुठं कच्चा असंल तर सांग, वापस करतो. मोटेचं काम हाय, तुटला तर बैल मरंल."

जळबानं वेटोळं हातात घेतलं. कारखान्याचा दोर. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं नंतर चतुराबाईला सांगितलीसुद्धा: देवा, यात एक कच्ची जागा निघू दे. एकच. म्हणजे ग्यानबाला सांगता येईल की हा नको, थांब, मी कुठूनही जागा करतो आणि वळून देतो.

नाडा पारखायचा तर पूर्ण पसरावा लागतो. वेटोळ्यात दोर खोटं बोलतो. गाळ्यात तो पसरणार कुठं? जळबा बाहेर पडला, मुतारीच्या कडेनं पुढच्या बाजूला आला आणि दुकानांसमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर त्यानं दोर पसरायला घेतला. ग्यानबानं एक टोक धरलं. जळबा एकेका वावाला थांबून, दोर मुठीत फिरवून, पीळ उलगडून बघत मागे मागे निघाला. चहाच्या दुकानापुढून, बियाण्याच्या दुकानापुढून, कापडाच्या दुकानापुढून. दुकानदार माना वर करून बघू लागले. कापूस घेऊन आलेले दोघंचौघं दोर ओलांडताना अडखळले.

"ए, काय लावलंय हे? गिऱ्हाइकाची वाट अडून राहिली," बियाणेवाला म्हणाला.

"झालंच," जळबा म्हणाला. आणखी चार-पाच वाव राहिले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून संतराम आला. त्याच्या अंगावर पोत्यांची धूळ होती. तो बापाजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "बा, गोळा कर. मालक बोलून ऱ्हायले."

"थोडाच राहिला रं."

"गोळा कर म्हनतो ना. इथं न्हाई करायचं."

जळबानं पोराकडे पाहिलं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज दुकानाचा होता. मग त्यानं उरलेला दोर उभ्या उभ्याच हातातून सरकवून बघितला आणि गुंडाळायला सुरुवात केली. ग्यानबा दुसऱ्या टोकाकडून जवळ येत गेला. संतराम तिथंच उभा राहून लोकांना बाजूनं जायला सांगत होता.

वेटोळं पुरं झालं. ग्यानबानं विचारलं, "कसा हाय?"

जळबानं दोर त्याच्या खांद्यावर ठेवला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "बिनघोर वापर." आणि दोर खरंच चांगला होता.